आबांची मोजणी

आबा सोंगट्या खेळताना लबाडी करतात, हे मला माझं लग्न होईपर्यंत माहीत नव्हतं.

आबा म्हणजे माझे वडील. भोरला संस्थानच्या कचेरीत ते कारकून होते. आमचं मूळ घराणं शेतकऱ्याचं, पण आबा शिकले, अक्षर वळणदार निघालं, आणि कुणाच्या तरी शब्दावर कचेरीत चिकटले. कोट-टोपी घालून, काखेत छत्री मारून चालणारा आमच्या भावकीतला हा एकच माणूस. त्यामुळे लग्नकार्यात त्यांना पुढं बसवायचे. कुणाचं भांडण झालं तर निवाडा करायला बोलवायचे. आई मी लहान असतानाच गेली होती. आम्ही दोघी बहिणी, आबा, आणि आमचं करायला एक विधवा आत्या, असे चौघं पेठेतल्या दोन भाड्याच्या खोल्यांत राहत होतो.

पावसाळ्यात भोरला एकदा झड लागली की कपडे वाळत नाहीत, सरपण पेटत नाही आणि पोरी घरात कोंडून एकमेकींच्या झिंज्या ओढतात. अशा दिवशी कचेरीला सुट्टी असली की आबा ट्रंकेतून सोंगट्यांचा पट काढायचे. लाल-काळ्या कापडाचा, कडांना झिजलेला पट होता तो. आत्या शेंगा भाजायला घ्यायची. घरभर भाजक्या टरफलांचा वास सुटायचा, आणि आबा हातातल्या कवड्या खुळखुळवून जमिनीवर टाकायचे. जितक्या कवड्या उताण्या पडतील तितकी घरं सोंगटी पुढं न्यायची. त्या उताण्या कवड्या आबा मोजायचे मोठ्यानं, झोकात, जणू काही ओवीच म्हणतायत. बाहेर पागोळ्या आणि आत आबांची मोजणी. माझ्या लहानपणातलं एवढं सुखाचं मला दुसरं काही आठवत नाही.

डाव आबाच जिंकायचे. दर वेळी. जिंकणाऱ्याला भाजक्या शेंगांचा अख्खा ढीग मिळायचा. आबा तो स्वतःकडे ओढायचे, मिशीवर ताव द्यायचे, आणि मग सगळ्या शेंगा आम्हा दोघींच्या परकरात ओतायचे. आमच्या आबांच्या हाताला यश आहे, असं आम्हाला वाटायचं.

लग्न होऊन मी वेल्ह्याकडं गेले. तोरण्याच्या पायथ्याचं गाव. संस्थानची हद्द ओलांडून खालसात, म्हणजे इंग्रजी मुलखात. भोरचा पाऊस मी पाहिला होता, पण तिथला पाऊस म्हणजे घराला वेढाच. भाताची लावणी उरकली की माणसांना बाहेर काही काम उरायचं नाही. ओढा भरून वाहायचा, वाट बंद व्हायची, डोंगर दिसेनासा व्हायचा. घरात सासू-सासरे, थोरले दीर, जाऊबाई, हे आणि मी. भिंतीपलीकडं गोठा, त्यामुळं बैलांच्या श्वासाची ऊब घरात यायची.

पहिल्यांदा मला वाटलं, इथं दिवस कसा जाणार? पण त्या लोकांना पावसाचे दिवस घालवायची कला होती. पुरुष ओटीवर बसून अंबाडीचे दोर वळायचे आणि वळता वळता गावातल्या माणसांच्या नकला करायचे. सासूबाई चुलीच्या राखेत फणसाच्या आठळ्या पुरायच्या; त्या फुटायला लागल्या की सगळे चुलीकडं सरकायचे. जाऊबाईंचं डोकं उमाण्यांत चालायचं. असं काही कोडं घालायच्या की थोरले दीर दोर टाकून विचार करत बसायचे आणि शेवटी चिडून म्हणायचे, "ह्याला उत्तरच न्हाई!" उजेड असेल तेव्हा आम्ही दोघी माजघरात फुगडी घालायचो. जमीन ओली असली की पडायचो, आणि सासूबाई लटकं ओरडायच्या.

सोंगट्यांचा पट त्यांच्याकडेही होता. मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्यात पटाईत. एकदा ओटीवर डाव चाललेला असताना मी दाराआडून जाऊबाईंना म्हणाले, "आमच्या आबांना सोंगट्यांत आजवर कुणी हरवलेलं नाही."

मी हळू म्हणाले होते, पण मामंजींचे कान तिखट. ते तिथूनच म्हणाले, "आसं? मग व्याही आलं की बगू की!"

मला इतका अभिमान वाटला. त्या घरात मी नवी होते, माहेरचं सांगण्यासारखं माझ्याजवळ फार काही नव्हतं. हे एक होतं.

श्रावण लागला आणि पंचमीला मला न्यायला मुऱ्हाळी म्हणून आबा स्वतः आले. भाऊ नव्हता, मग कोण येणार? भोरहून मोटारीनं कापूरहोळ, तिथून पुढं नसरापूर, आणि मग चिखल तुडवत चालत. छत्री उलटीपालटी झालेली, कोट पिळून काढण्यासारखा, धोतर गुडघ्यापर्यंत लाल. तरी अंगणात आल्यावर आधी त्यांनी टोपी सरळ केली. गुळाचा चहा घेतला आणि म्हणाले, "उद्या सकाळी निघू आम्ही."

मामंजी हसले. "वढा इचारा आदी. त्यो सोडंल तवा जाशीला. हितं कोन हाकलतंय तुमास्नी?"

ओढा सोडणार नव्हताच. दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस असा ओतत होता की गोठ्याच्या वळचणीचा बांबूसुद्धा धुरकट दिसत होता. जेवणं झाली. आबा ओटीवर अवघडून बसले होते. दोर वळता येत नाही, शेतीचं बोलणं जमत नाही. मामंजींनी ते पाहिलं आणि पट पसरला.

"या व्याही. तुमची लेक म्हनती, तुमास्नी कुनी हरवत न्हाई."

आबांचा चेहरा खुलला. ते, मामंजी, थोरले दीर आणि हे, असे चौघं बसले. मी आणि जाऊबाई माजघराच्या उंबऱ्याआड आठळ्या सोलत होतो. तिथून पट अर्धाअधिक दिसायचा आणि बोलणं सगळं ऐकू यायचं.

आबांनी कवड्या टाकल्या आणि त्यांची ती मोजणी सुरू झाली. माझं अंग सैल पडलं. भोरच्या खोलीत असल्यासारखं वाटलं. त्यांची दोन दानं झाली असतील, जाऊबाईंनी मला कोपरानं ढोसलं आणि कानाशी लागून विचारलं, "अगं, पाच कुटं ग्येलं?"

"कसलं पाच?"

"तुजं आबा मोजत्यात त्ये ऐक."

मी ऐकलं. आबांचं दान पुन्हा आलं, पाच कवड्या उताण्या. "एक, दोन, तीन, चार, सहा!" आणि सोंगटी सहा घरं पुढं. इतकं लयीत, इतकं सहज, की चारच्या मागून सहाच येतात असं कुणालाही वाटावं. हीच लय मी जन्मापासून ऐकत आले होते. आबा मोठा आकडा मिळवायला एक आकडा गिळायचे. कधी पाच, कधी तीन. आणि कवड्यांकडं सगळ्यांची नजर असताना कोटाची बाही पटावरून अशी काही फिरायची की मागं राहिलेली सोंगटी एक घर पुढं गेलेली असायची.

माझ्या हातातली आठळी तशीच राहिली. जाऊबाई तोंडात पदर कोंबून हसत होत्या.

ओटीवर थोरल्या दिरांनाही ते दिसलं. ते म्हणाले, "पाव्हणं, जरा पुना मोजा बरं..."

मामंजींनी त्यांना तोडलं. "गप रं. पाव्हण्यांची मोजनी हाय ती. टाक तुजं दान."

म्हणजे त्यांनाही कळलं होतं. सगळ्यांना कळलं होतं. धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणतात, ते मला त्या उंबऱ्याआड कळलं. आबांना मात्र कसलाच पत्ता नव्हता. त्यांची शेवटची सोंगटी घरात गेली तेव्हा ते "पिकली!" असं ओरडले आणि मांडीवर थाप मारून हसले. बाहेर चारचौघांत इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी आठळ्यांची पाटी पुढं केली तेव्हा त्यांच्याकडं बघितलंच नाही. त्यांनी पाटी जवळ ओढली आणि रीतीप्रमाणं ओंजळी भरभरून सगळ्यांना वाटल्या. मामंजींनाही दिल्या. ते सगळे हसत होते. मला वाटलं, आबांना हसतायत.

संध्याकाळी चुलीपाशी जाऊबाईंनी भात वाढताना 'एक' म्हणत दोन डाव घातले आणि म्हणाल्या, "ही भोरची मोजनी." सासूबाईंनी त्यांना दटावलं, "गप बस गं. बाप हाय तिचा त्यो." जाऊबाईंच्या चेष्टेनं मला लागलं नव्हतं तितकं सासूबाईंच्या त्या दयेनं लागलं. गोठ्याच्या दारात हे भेटले तेव्हा गालात हसून म्हणाले, "तुज्या आबांचा हात लई हलका हाय." मी पाठ फिरवून आत गेले.

दुसऱ्या दिवशी पाऊस तसाच. मी आबांजवळ चहा घेऊन गेले आणि म्हटलं, "आबा, आज पोथी वाचा ना. इथं कुणाला वाचता येत नाही. सगळे ऐकतील."

"वाचू, वाचू. व्याह्यांचा एक डाव होऊ दे," असं म्हणून ते पटाकडं वळलेसुद्धा. पुन्हा तेच. मी गोठ्यात जाऊन बसले, तरी भिंतीपलीकडून मोजणी ऐकू येत होती. माझा बाप हे आकडे गिळतो आणि ही अडाणी म्हणवणारी माणसं त्याची अब्रू राखतात, एवढंच माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

पाऊस उघडला तशी आम्ही निघालो. थोरल्या दिरांनी हात धरून ओढा पार करून दिला आणि ते परत फिरले. आता वाटेवर आम्ही दोघंच. दोन्ही बाजूंना हिरवीगार खाचरं. आबा खुशीत होते. म्हणाले, "तुझ्या सासरची माणसं लाखमोलाची आहेत हो. काय मजा आली! पुढच्या वर्षी जरा लवकरच येतो."

मला ते सहन झालं नाही. "आबा, येऊ नका."

ते थांबले. "का गं? काय झालं?"

"तुम्ही पाच म्हणत नाही."

"म्हणजे?"

"एक, दोन, तीन, चार, सहा. आणि बाहीनं सोंगटी सरकवता. सगळ्यांनी पाहिलं. घरातल्या बायकांनीसुद्धा."

भुरभुर पाऊस चालू होता. आबांनी हातातली छत्री मिटली. का मिटली कुणास ठाऊक. मिटलेली छत्री काखेत धरून ते तसेच भिजत चालू लागले. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "तुझ्या सासऱ्यांनीही?"

"त्यांनीच आधी."

"मग ते बोलले का नाहीत?"

"तुम्ही पाहुणे ना."

पुढं नसरापूर येईपर्यंत ते माझ्या चार पावलं पुढं चालत राहिले. मोटारीत त्यांनी मला खिडकीशी बसवलं आणि स्वतः पुढं जाऊन वेगळे बसले. त्या पंचमीला भोरलाही झड लागली. धाकटी बहीण म्हणाली, आबा, पट काढा ना. आबा म्हणाले, "उंदरांनी कुरतडला तो."

पुढच्या वर्षी मला न्यायला आबा आले नाहीत, चुलतभावाला पाठवलं. मामंजींनी विचारलं, "व्याही का न्हाई आलं?" मी म्हटलं, "कचेरीत काम निघालं." त्याच्या पुढच्या वर्षीही चुलतभाऊच. मामंजींनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. या वेळी ते माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिले.

मग माझं पहिलं बाळंतपण आलं. मी भोरला होते. मुलगा झाला. बारशाला सासरची माणसं आली, आणि पाऊस नेमका त्याच दिवशी चिकटला. बाकीची कशीबशी परतली, मामंजी मात्र मुद्दाम राहिले. म्हणाले, "नातवाला बगतो जरा." नातवाला पाहून झालं, जेवण झालं, आणि घोंगडीवर ऐसपैस बसत ते आबांना म्हणाले, "व्याही, पट काडा."

आबा म्हणाले, "आता नाही खेळत हो. सवय सुटली."

"सवं कशी सुटंल? काडा, काडा. भाईर बगा कसा लागलाय."

माझी बहीण उठली आणि ट्रंकेतून पट घेऊन आली. त्याला कुठंही उंदीर लागला नव्हता. आबा तिच्यावर रागावले नाहीत. नुसते सरसावून बसले.

तो डाव मी बाळाला मांडीवर घेऊन पाहिला. आबा दान टाकत, वाकून एकेका उताण्या कवडीवर बोट टेकवत मोजत, आणि मगच सोंगटी नेत. "एक." बोट. "दोन." बोट. "तीन." बोट. आवाजात झोक नाही, काही नाही. परीक्षेला बसलेल्या पोरासारखा चेहरा. एक कवडी धड उताणी नव्हती आणि धड पालथीही नव्हती, मामंजी म्हणाले, "धरा की ती." आबा म्हणाले, "नको. वाद नको." कोटाच्या बाह्या त्यांनी कोपरापर्यंत दुमडून ठेवल्या होत्या. शेवटी आबा हरले. शेंगांचा ढीग त्यांनी मामंजींपुढं सरकवला. मामंजींनी त्यातल्या चार उचलल्या आणि बाकीच्या तशाच राहिल्या. दुसरा डाव मांडा, असं कुणीच म्हणालं नाही.

सकाळी मामंजी निघाले. आबा आत अंघोळीला होते. मी मामंजींच्या पायावर बाळाला घातलं. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "पोरी, तुज्या बापाला तू काय बोल्लीस?"

खोटं बोलायला सुचलं नाही. "सांगितलं त्यांना," मी म्हटलं. "की सगळ्यांनी पाहिलं म्हणून."

"अगं येडे," मामंजी म्हणाले. ते रागावले नव्हते, पण रागावले असते तर बरं झालं असतं. "आमास्नी पयल्याच दानाला कळलं हुतं. दिस जात न्हवता, पाऊस उगडत न्हवता. व्याही कवा सरकवत्यात ह्येच बगत बसायचो म्या. आन् जित्तल्यावर कसं वरडले! लई मजा आली हुती त्या वक्ताला. तुमी ग्येल्यावर आमी त्याचीच नक्कल करून हसत हुतो. आपला मानूस म्हनून." मग घोंगडी डोक्यावर ओढत म्हणाले, "कालचा डाव कायतरीच झाला. तशी मजा न्हाई आली." आणि बाळाच्या गालाला बोट लावून ते पावसात उतरले.

मी दारात उभी राहिले. त्या उंबऱ्याआड मला जी लाज वाटली होती, ती आबांच्या नावाची होती. आता जी वाटली ती सगळी माझी होती, आणि तिच्यापुढं ती पहिली काहीच नव्हती. कुणाचं काही बुडालं नव्हतं. एका माणसाला पावसाच्या दिवशी जिंकायला आणि जिंकलेलं वाटून टाकायला आवडत होतं, एवढंच. ते मी काढून घेतलं, आणि घेताना मला वाटलं होतं की मी घराण्याची अब्रू राखतेय.

दुपारी आबा घरीच होते. पाऊस होताच. बाळाची लंगोटी, दुपटी काही वाळेनात, म्हणून शेगडीवर बुट्टी पालथी घालून त्यावर मी एकेक कापड पसरत होते. आबा येऊन शेजारी बसले.

मी म्हटलं, "आबा, मामंजी जाताना म्हणत होते..."

त्यांनी हात वर केला. "राहू दे."

"नाही, ऐका तरी. ते म्हणत होते की त्यांना उलट..."

"राहू दे गं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका अवघडला होता की मला पुढं बोलवेना. चांगलं सांगायचं होतं, पण ते सांगायलाही त्याच विषयाला हात घालावा लागत होता, आणि त्याचीच त्यांना लाज होती. ती मीच दिलेली.

थोड्या वेळानं त्यांनी बुट्टीवरचं एक दुपटं उचललं, गालाला लावून पाहिलं आणि उलटं करून पुन्हा पसरलं. "या बाजूनं अजून ओलं आहे," असं म्हणाले. मी दुसरं त्यांच्या हातात दिलं. दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघं कापडं वाळवत बसलो. मामंजींना ओढ्याला पाणी लागलं असेल का, थोरल्या दिरांचा खोकला गेला का, असं आबा मधूनमधून विचारत होते आणि मी सांगत होते.